उड्डाणाचा तास कोठून मोजावा?

धुळे, शिरपूर आणि जळगाव या गावांवरून निरभ्र दिवशी लहान शिकाऊ विमाने घिरट्या घालताना दिसतात. खाली कापसाची शेते, केळीच्या बागा आणि तापीचे रुंद पात्र. वर एक पंखा व दोन माणसे. शेतात काम करणाऱ्यास त्या विमानाचे आता फारसे नवल राहिलेले नाही. परंतु त्यात बसलेल्या शिकाऊ वैमानिकाच्या दृष्टीने ते प्रत्येक मिनिट मोलाचे असते, कारण ते एका वहीत जमा होत असते. व्यापाऱ्याची पत त्याच्या खतावणीवरून ठरते, वकिलाची त्याच्या दाव्यांवरून, आणि वैमानिकाची त्याच्या तासांवरून. किती तास उड्डाण केले, हा पहिला प्रश्न परवाना देणारे सरकार विचारते, तोच नोकरी देणारी कंपनी विचारते, आणि दुर्दैवाने अपघात झाला तर चौकशी करणारा अधिकारीही तोच विचारतो.

याच गावांतील कित्येक घरांत सायंकाळी संगणकापुढे बसून लढाऊ विमानांचे खेळ खेळले जातात. त्या खेळांतही वैमानिकाच्या नावाने एक नोंदवही असते, आणि तीतही तास जमा होतात. मग खेळणाऱ्याच्या लक्षात येते की, घड्याळाप्रमाणे आपण पाऊण तास खेळलो, परंतु वहीत सव्वा तास लागला आहे. किंवा उलट, दोन तास झुंज दिली आणि वहीत काहीच पडले नाही. हिशेब चुकला अशी त्याची तक्रार असते. खऱ्या विमानाचा शिकाऊ वैमानिक आणि खेळातील वैमानिक यांचा प्रश्न वस्तुतः एकच आहे. तो असा की, उड्डाणाचा तास म्हणजे नेमके काय, आणि तो कोठून कोठपर्यंत मोजावयाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर आधी पक्के केले नाही, तर अगदी प्रामाणिक माणसाच्याही दोन वह्या जुळणार नाहीत.

खानदेशचा ह्या विषयाशी संबंध कसा आला, हे प्रथम पाहणे योग्य होईल. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ साली स्थापन झाला. पुढच्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, जे. आर. डी. टाटा यांस भारतात दिलेला पहिला वैमानिकाचा परवाना मिळाला. त्या काळी जुहूची माती उड्डाणाच्या शिक्षणास पुरेशी मोकळी होती. पुढे मुंबईचे आकाश मोठ्या विमानांनी गजबजले. शिकाऊ विमानाने तेथे फेऱ्या मारीत राहावे अशी परिस्थिती उरली नाही. तेव्हा ह्या जुन्या संस्थेने उड्डाणाच्या शिक्षणासाठी धुळ्याजवळील गोंदूरचे विमानतळ पत्करले. धुळे जिल्ह्यातच शिरपूर येथे दुसरी उड्डाणशाळा निघाली. २०२१ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाने नव्या उड्डाणशाळांसाठी जी पाच विमानतळे निवडली, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि आसामातील लीलाबारी यांच्या जोडीला जळगावही होते. सातपुडा आणि सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा यांच्या दरम्यानचा हा सपाट मुलूख, पावसाळा सोडल्यास बहुतेक स्वच्छ असणारे आकाश, आणि मोठ्या विमानांची तुरळक रहदारी, हे तिन्ही गुण शिकणाऱ्यास अनुकूल आहेत.

ह्या शाळांत येणारा विद्यार्थी मुख्यतः तास मिळविण्यासाठी येतो. भारतातील नियमांप्रमाणे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास कमीत कमी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी १०० तास त्याने स्वतः प्रमुख वैमानिक या नात्याने केलेले असावे लागतात. २० तास एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याच्या प्रवासाचे असावेत. त्यांतील एक प्रवास ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५६ किलोमीटरांचा, व वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर उतरून केलेला असावा. पाच तास रात्रीचे लागतात. दहा तास केवळ यंत्रांवर दृष्टी ठेवून, बाहेर न पाहता केलेल्या उड्डाणाचे लागतात. प्रत्येक तासास इंधन, विमानाचे भाडे आणि शिक्षकाचे वेतन यांचा खर्च येतो, आणि कित्येक कुटुंबे तो कर्ज काढून करतात. अशा स्थितीत एक तास कमी लागला की जास्त, ही गोष्ट घरच्या माणसांसही क्षुल्लक वाटण्यासारखी नाही.

आता एक काल्पनिक पण अगदी साधे उदाहरण घेऊ. धुळ्याच्या गोंदूर विमानतळावरून एक शिकाऊ विमान जळगावास जावयास निघाले. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. वैमानिकाने नऊ वाजता इंजिन सुरू केले. इंजिनास थोडी ऊब येऊ देऊन, यंत्रे तपासून, ९ वाजून ६ मिनिटांनी विमान जागेवरून हलले. धावपट्टीच्या टोकाशी जाऊन, पुन्हा एकवार तपासणी करून, ९ वाजून १४ मिनिटांनी त्याने जमीन सोडली. ९ वाजून ४६ मिनिटांनी जळगावच्या धावपट्टीस चाके टेकली. ९ वाजून ५२ मिनिटांनी विमान आपल्या जागी येऊन थांबले, आणि ९ वाजून ५४ मिनिटांनी इंजिन बंद झाले. ह्या उड्डाणास किती वेळ लागला?

ह्या प्रश्नास चार उत्तरे आहेत, आणि चारही बरोबर आहेत.

पहिले उत्तर वैमानिकाच्या वहीचे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान-वाहतूक संघटनेने केलेली, आणि बहुतेक देशांनी मान्य केलेली व्याख्या अशी की, उड्डाणासाठी विमान प्रथम जागेवरून हलते त्या क्षणापासून उड्डाण संपून ते अखेर स्थिर उभे राहते त्या क्षणापर्यंतचा सर्व काळ हा उड्डाणाचा काळ होय. चाकांपुढची अडण काढण्यापासून ती पुन्हा लावण्यापर्यंतचा हा हिशेब आहे. त्याप्रमाणे आपल्या वैमानिकाची ४६ मिनिटे झाली. जमिनीवरून चालविण्याचा काळ यात का धरावा, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु जमिनीवर विमान चालवितानाही वैमानिकाचीच जबाबदारी असते, आणि कित्येक अपघात तेथेच घडतात. म्हणून तो काळ त्याच्या अनुभवात धरला जातो.

दुसरे उत्तर विमानाच्या सांगाड्याचे. पंख, सांधे व पत्रा यांवर खरा ताण पडतो तो हवेत. म्हणून दुरुस्तीच्या हिशेबात पुष्कळ ठिकाणी जमीन सोडल्यापासून जमिनीस टेकेपर्यंतचाच काळ धरतात. तो झाला ३२ मिनिटे. काही देशांच्या सैनिकी विमानदलांत वैमानिकाच्या वहीतही हाच काळ लिहिण्याची रीत आहे. म्हणून सैन्यातून नागरी नोकरीत येणाऱ्या वैमानिकाचे तास अनुभवाच्या मानाने थोडे दिसतात.

तिसरे उत्तर हॉब्स मीटर नावाच्या लहान यंत्राचे. हे घड्याळ बहुधा इंजिनातील तेलाच्या दाबावर चालू होते. इंजिन सुरू झाले की ते चालू लागते आणि इंजिन बंद झाले की थांबते. त्याच्या मते ५४ मिनिटे झाली. विमानाचे भाडे पुष्कळदा याच आकड्यावर आकारले जाते.

चौथे उत्तर इंजिनाच्या फेऱ्या मोजणाऱ्या मापकाचे. हे मापक काळ मोजीत नाही, फेऱ्या मोजते, आणि त्यांचे तासांत रूपांतर करून दाखविते. समजा, मिनिटास २,४०० फेऱ्या होत असता ते घड्याळाबरोबर चालते. मग जमिनीवर इंजिन १,२०० फेऱ्यांनी मंद चालत असता ते घड्याळाच्या निम्म्या गतीने पुढे सरकेल. हवेतील ३२ मिनिटे पूर्ण धरली, आणि जमिनीवरील २२ मिनिटांची निम्मी म्हणजे ११ धरली, तर ४३ मिनिटे होतात. इंजिन किती झिजले हे कळण्यास हा आकडा उपयोगी आहे. लहान विमानांच्या कित्येक इंजिनांची पूर्ण उकलून दुरुस्ती २,००० तासांनी करावी असे कारखानदार सांगतात. तेव्हा हे तास कोणत्या मापाने धरले, यास महत्त्व आहे.

५४, ४६, ४३ आणि ३२! एकाच विमानाचे, एकाच सकाळचे हे चार आकडे आहेत. खानदेशातील माणसास यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. कापसाची गाडी बाजारात आली म्हणजे काट्यावर तिचे एक वजन होते. जिनिंगमध्ये सरकी निघाल्यावर रुईचे दुसरे होते. सरकी धरून केलेले वजन खोटे आणि रुईचे तेवढे खरे, असे कोणी म्हणत नाही. कोणते वजन कोणत्या व्यवहारात धरावयाचे एवढे ठरलेले असले म्हणजे झाले. भांडण उत्पन्न होते ते एकाने कापसाचा भाव बोलावा आणि दुसऱ्याने रुईचे वजन धरावे तेव्हा.

हा फरक लहान दिसतो, पण साचत जातो. वरच्यासारखी शंभर उड्डाणे झाली, तर जागेवरून हलल्यापासूनचा हिशेब आणि हवेतील हिशेब यांत २३ तास २० मिनिटांचे अंतर पडते. परवान्यास लागणाऱ्या २०० तासांचा हा दहावा हिस्सा भरून वर उरतो. उलट, एखाद्याने भाड्याच्या पावतीवरून, म्हणजे हॉब्स मीटरवरून, आपली वही भरली, तर शंभर उड्डाणांत १३ तास २० मिनिटे त्याच्या नावावर जास्त चढतील. त्याच्या मनात कपट नसले तरी वही चुकीचीच ठरेल.

व्याख्या पक्की झाली तरी गणिताच्या वाटेने चूक शिरते. यंत्रे बहुधा तासाचे दहा भाग करून दाखवितात, आणि वहीत मात्र तास व मिनिटे लिहिली जातात. यंत्रावरील दीड म्हणजे एक तास तीस मिनिटे. परंतु घाईत तो आकडा एक तास पाच मिनिटे, किंवा एक तास पन्नास मिनिटे, असा उतरविला जातो. मिनिटांची बेरीज साठाच्या हिशेबाने करावयाची हेही कित्येकदा विसरले जाते: ४६ आणि ४६ मिळून एक तास ३२ मिनिटे होतात, पण दशांशाची सवय असलेला हात तेथे ९२ लिहून जातो. शिवाय पूर्णांक करण्याचा मोह आहेच. ४६ मिनिटांचे दशांशात आठ भाग धरले म्हणजे ४८ मिनिटे झाली. दोन मिनिटांची ही भेट अडीचशे उड्डाणांत ८ तास २० मिनिटांची होते.

घड्याळाचाही प्रश्न आहे. विमानविद्येत जगभर एकच वेळ वापरण्याचा प्रघात आहे, आणि ती भारताच्या प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तासांनी मागे असते. गोंदूरहून १ एप्रिलच्या पहाटे सव्वापाचला निघालेल्या विमानाची जागतिक वेळ ३१ मार्चच्या रात्री पावणेबारा ही होते. एका वहीत एक वेळ आणि दुसऱ्या वहीत दुसरी लिहिली गेली, तर तपासणाऱ्यास वाटेल की ही दोन वेगवेगळ्या दिवसांची उड्डाणे आहेत. परवान्याच्या नियमांत काही तास मागील सहा महिन्यांतील असावे लागतात. तेथे एका दिवसाच्या फरकानेही घोटाळा होऊ शकतो.

रात्रीच्या तासांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. भारताच्या विमान-नियमांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने रात्र सुरू होते आणि सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासाने ती संपते. भारताची प्रमाणवेळ ८२॥ रेखांशाची आहे. जळगाव तिच्या पश्चिमेस असल्यामुळे तेथील सूर्य घड्याळाच्या सुमारे २८ मिनिटे मागे असतो, आणि धुळ्याचा सुमारे ३१ मिनिटे. म्हणजे ऋतू कोणताही असो, जळगावास रात्र पडल्यानंतर धुळ्यास ती पडण्यास तीन-साडेतीन मिनिटे लागतात. संध्याकाळी जळगावाहून धुळ्यास येणारा वैमानिक मावळत्या सूर्याच्या मागे धावत असतो. त्याची रात्र थोडी उशिरा सुरू होते. असले उड्डाण सगळेच रात्रीच्या रकान्यात टाकणे किंवा सगळेच दिवसाच्या रकान्यात ठेवणे, दोन्ही चूक. ब्रिटिश विमानदलाच्या वहीत रात्रीची उड्डाणे तांबड्या शाईने लिहिण्याचा प्रघात होता तो हा भेद डोळ्यांपुढे राहावा म्हणूनच.

आणखी एक विसंगती वरवर पाहणाऱ्यास संशयास्पद वाटते. विमान एक तास उडते, परंतु शिक्षकाच्या वहीत एक तास लागतो आणि विद्यार्थ्याच्या वहीतही एक तास लागतो. येथे फसवणूक नाही. शिक्षकाचा तास प्रमुख वैमानिकाच्या रकान्यात पडतो, विद्यार्थ्याचा शिक्षणाच्या रकान्यात. परंतु शेजारी बसलेल्या दोन मित्रांनी तोच तास आपापल्या वहीत प्रमुख वैमानिक म्हणून लिहिला, तर त्यांतील एक नोंद निश्चित खोटी आहे.

दोघांनी एकच गोष्ट आपापल्या खाती मांडल्याने हिशेब कसा फुगतो, याचे प्रसिद्ध उदाहरण लढाईच्या इतिहासात आहे. १५ सप्टेंबर १९४० रोजी इंग्लंडवरील आकाशात जी मोठी झुंज झाली, तीत १८५ जर्मन विमाने पाडल्याचे त्या वेळी जाहीर झाले होते. युद्धानंतर जर्मन कागदपत्रे पाहता ती संख्या साठाच्या आसपास निघाली. वैमानिक खोटे बोलत होते असे नव्हे. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, ते धूर सोडीत खाली जाताना तिघांनी पाहिले, आणि तिघांनी प्रामाणिकपणे ते आपल्या नावावर लिहिले.

आता संगणकातील लढाईकडे वळावयास हरकत नाही. जमिनीवर बसून उड्डाण शिकण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत एडविन लिंक याने १९२९ साली भात्याच्या हवेवर हलणारी एक लाकडी विमानपेटी तयार केली. प्रथम जत्रेतील करमणूक म्हणूनच तिला अधिक गिऱ्हाईक मिळाले. १९३४ साली अमेरिकेच्या सैनिकी वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम पडले, तेव्हा खराब हवेत कित्येकांचे प्राण गेले. त्यानंतर मात्र सैन्याने ह्या पेट्या विकत घेतल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक तीत बसून यंत्रांवरून उड्डाण करण्यास शिकले. आजचे सिम्युलेटर तिचेच वंशज होत. परंतु त्यांचे तास वहीत निराळ्या रकान्यात लिहितात. व्यावसायिक परवान्यासाठी जे दहा तास यंत्रांवरील उड्डाणाचे लागतात, त्यांपैकी पाचांहून अधिक सिम्युलेटरवरचे चालत नाहीत, आणि तो सिम्युलेटरही सरकारने मान्य केलेला असावा लागतो.

घरातील खेळास अशी मान्यता नाही. परंतु हिशेबाचा गुंता तेथे अधिकच आहे, कारण तेथे काळ हाही खेळणाऱ्याच्या हातातील वस्तू आहे. १९९८ साली मायक्रोसॉफ्टचा ‘कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर’ आणि ‘फाल्कन ४.०’ हे खेळ निघाले. तेव्हापासून अशा खेळांतील वैमानिकाच्या नावापुढे कामगिऱ्या, पाडलेली विमाने आणि तास यांची नोंद पाहण्याची खेळणाऱ्यांस गोडी लागली. समजा, खेळातील कामगिरी सकाळी सहाला सुरू होऊन साडेसातला संपते. पहिली पंधरा मिनिटे इंजिन सुरू करून धावपट्टीवर येण्यात जातात. पुढचा एक तास शत्रूच्या मुलखापर्यंत नुसते जावयाचे असते. कंटाळा टाळण्यासाठी खेळणारा काळ चौपट वेगाने धावू देतो, आणि तो तास पंधरा मिनिटांत आटोपतो. झुंज आणि उतरणे यांस शेवटची पंधरा मिनिटे लागतात. मध्येच आईने जेवावयास बोलाविले म्हणून दहा मिनिटे खेळ थांबविलेला असतो.

ह्या एका कामगिरीचे आकडे असे होतात: खेळातील घड्याळाप्रमाणे ९० मिनिटे, त्यांपैकी हवेत ७५, खेळणाऱ्याने प्रत्यक्ष हात चालविला तो ४५ मिनिटे, आणि संगणक चालू होता तो ५५ मिनिटे. खेळाची वही यांपैकी कोणताही आकडा उचलू शकेल. ते खेळ रचणाराने काय ठरविले यावर अवलंबून आहे. शिवाय काही कामगिऱ्या आकाशातच सुरू होतात. त्यांत जमिनीवरचा काळच नसतो. वैमानिक उतरण्यापूर्वी मारला गेला, किंवा दूरच्या खेळाडूंशी जोडलेली तार मध्येच तुटली, तर काही खेळ ती नोंद पुरीच करीत नाहीत, कारण उड्डाण कोठे संपले हे त्यांस सांगणारे कोणी नसते. यंत्र येथे चुकले असे वाटते, परंतु बहुतेक वेळा त्यास प्रारंभ आणि शेवट यांची खूण निराळी दिलेली असते. जो मुलगा आपल्या दोन आकड्यांत फरक का पडला याचा शोध घेतो, तो नकळत तोच धडा शिकतो, जो गोंदूरच्या विद्यार्थ्यास पहिल्या आठवड्यात शिकावा लागतो. फरक इतकाच की, खेळातील चुकीने कोणाचा जीव जात नाही.

येथवर ज्या विसंगतींचा विचार झाला त्या सर्व प्रामाणिक होत्या. अप्रामाणिक विसंगतीही आहेत, आणि त्यांच्याविषयी स्पष्ट बोललेच पाहिजे. अमेरिकेत महायुद्धाच्या काळी पी-५१ नावाचे एक नामांकित लढाऊ विमान होते, आणि १९४१ साली बाजारात आलेल्या पार्कर कंपनीच्या एका फाउंटन-पेनचे नावही ५१ होते. त्यावरून विमानात न बसता केवळ लेखणीने मिळविलेल्या तासांस ‘पार्करचे तास’ म्हणण्याची थट्टा वैमानिकांत रूढ झाली, आणि भारतातही ती ऐकू येते. थट्टेमागील गोष्ट मात्र गंभीर आहे. २०११ साली भारतात वैमानिकांच्या परवान्यांची व्यापक तपासणी करावी लागली. काहींनी परीक्षेच्या खोट्या गुणपत्रिका दाखवून परवाने मिळविल्याचे उघडकीस आले. आणि जयपूर येथील एका उड्डाणशाळेत प्रत्यक्ष न केलेले तास वहीत चढविल्याच्या आरोपावरून चौकशी झाली.

मोह दोन्ही दिशांनी असतो. शिकणाऱ्यास तास वाढवावेसे वाटतात. उलट, नोकरीतील वैमानिकास वर्षातून १,००० तासांपेक्षा अधिक उड्डाण करण्याची मनाई आहे, कारण थकलेला माणूस धोक्याचा. तेथे तास कमी दाखविण्याकडे कल होऊ शकतो. म्हणून एकाच वहीवर कोणी विसंबत नाही. विद्यार्थ्याची वही, विमानाची स्वतःची प्रवास-वही, इंजिनाचे मापक, शाळेतील उड्डाणाच्या परवानगीची नोंद, भरलेल्या इंधनाचा हिशेब, आणि विमानतळावरील उतरण्या-उडण्याच्या वेळा, हे सर्व कागद एकमेकांचे साक्षीदार आहेत. एका विमानाने एका दिवसात सहा तास उड्डाण केले असे तीन विद्यार्थ्यांच्या वह्या मिळून सांगत असतील, आणि इंजिनाचे मापक दोनच तास पुढे गेले असेल, तर खोटे कोठे आहे हे शोधण्यास फार विद्वत्ता लागत नाही. मात्र साक्षीदारांची तुलना करण्यापूर्वी त्यांची मापे कोणती हे तपासणाऱ्यास ठाऊक पाहिजे. नाही तर ४३ आणि ४६ यांत फरक दिसला म्हणून तो निरपराध्यास चोर ठरवील, आणि खरा चोर आपली लबाडी मापांतील भेद म्हणून खपवील.

ह्या सर्व सावधगिरीचे कारण खानदेशास अपरिचित नाही. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या उड्डाणशाळेचे एक विमान जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगराळ भागात कोसळले. शिक्षक-वैमानिक मृत्युमुखी पडला; शिकणारी तरुणी जखमी झाली. जवळच्या आदिवासी वस्तीतील लोक मदतीस धावले, आणि त्यांनी तिला झोळीत घालून खाली आणले. ह्या अपघाताचा तासांच्या नोंदीशी काही संबंध होता असे मुळीच सुचवावयाचे नाही. परंतु असा कोणताही अपघात झाला, म्हणजे चौकशीच्या अहवालात प्रारंभीच वैमानिकाचे तास येतात: एकूण किती, त्याच प्रकारच्या विमानावर किती, गेल्या तीस दिवसांत किती, गेल्या चोवीस तासांत किती. वैमानिक थकला होता का, त्या विमानाची त्यास सवय होती का, इंजिनाची तपासणी वेळेवर झाली होती का, ह्या प्रश्नांची उत्तरे त्या आकड्यांतूनच काढावी लागतात. आकडे खोटे असतील तर निष्कर्षही खोटे निघतात, आणि जी चूक एकाच्या जिवावर बेतली तीच दुसऱ्याच्या हातून पुन्हा घडण्यास वाट मोकळी राहते.

ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी उड्डाणशाळेत शिकत असेल, त्या घरच्या मंडळींनी दरमहा शुल्काच्या पावतीबरोबर तासांची वहीही पाहावी, हे यावरून लक्षात येईल. पावतीवरील तास आणि वहीतील तास जुळले नाहीत तर लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही; कारण पावती बहुधा इंजिनाच्या घड्याळाची असते, आणि वही चाकांच्या हालचालीची. प्रत्येक उड्डाणात हा फरक पाच-दहा मिनिटांचा असावा, आणि पावतीचा आकडा वहीपेक्षा मोठा असावा, हे स्वाभाविक आहे. परंतु वहीतील तास पावतीपेक्षा जास्त दिसू लागले, तर त्याच दिवशी विचारणा करावी. इंजिन सुरू नसताना उड्डाण झाले, असा त्याचा अर्थ होतो.